भावाची मूठ

रामाजी कड्यावरून अर्धा खाली उतरला होता, तेव्हा त्याची माय रुखमाबाई धापा टाकत वर पोचली.

मोहाच्या खोडाला वेढा दिलेला दोर भैयाजीच्या मुठीत होता. त्याने नुसती मान वळवली.

"मावशी, तू काहून आली वं? प्रेमिला कशी हाये?"

"ताप उतरला. पडून हाये. तू दोराकडे पाह्य."

रामाजीची बायको प्रेमिला ही भैयाजीची बहीण. पंधरा दिवस तापाने फणफणत होती. नागपुरात इतवारीतला वैद्य म्हणाला, पळसाचा लाल मध मिळाला तरच उतार पडेल. तसा मध रामटेकमागच्या ह्या एकाच कड्यावर. नाकेदाराने जंगलात शिरायला एकच सकाळ दिलेली, म्हणून दोघे आदल्या दिवशीच येऊन कड्यावर निजले होते.

मोहोळ काढणाऱ्यांची रीत आहे. नवरा कड्यावरून उतरला की दोर बायकोच्या भावाने धरायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, त्याची मूठ सुटत नाही. रुखमाबाईला भाऊ नव्हता. तिच्या नवऱ्याचा दोर त्याच्या चुलतभावाने धरला होता. माशी डसली म्हणे हाताला. एक माशी! तेव्हापासून हिचं कपाळ मोकळं.

ती वाटेकडे तोंड करून बसली. कड्याखालून धूर येत होता, माश्या घोंगावत होत्या.

"मावशी, तुहे हात पिवळे काहून?"

"हळद हाये. घरातली बाई पडली, मंग कालवण कोण करन? तुहा बाप?"

भैयाजी हसला. "बरी झाली का चार दिवस माहेरी नेतो तिले."

"ने ना गा. मी कुठं अडवून राहिली?"

पायवाटेवर शेजारचा नानाजी धावत येताना दिसला. ती उठली, त्याला खालीच गाठलं, दोन शब्द बोलली आणि परत धाडलं.

"काय म्हणे तो?"

"बैल सुटला त्याचा. कड्यावर हुडकून राहिला. बैलाहून बैल!"

दोर दोनदा हलला. भैयाजी ओढू लागला. तळहात सोलले, पण मूठ ढिली पडली नाही. रामाजी वर आला. तोंड सुजलेलं, पाठीवर भरलेला तुंबा. बोटांवर ओघळलेला मध उन्हात लालभडक दिसत होता.

"पाह्य माय! आता उठून बसते ती."

रुखमाबाईने त्याला धरून कड्यापासून दहा पावलं आत ओढलं. कमरेची गाठ करकचून बसली होती, ती दातांनी सोडवली. मग भैयाजीकडे वळली. त्याची मूठ अजून आवळलेलीच होती. एकेक बोट उघडून तिने दोर काढून घेतला.

"आता रड गा," ती म्हणाली. "पहाटेच गेली तुही बहीण."