खोक्यावरचा नंबर

खरा फोन कसा ओळखायचा, हे मंजुनाथनंच विठाबाईला शिकवलं होतं. फोनमधला नंबर अन् खोक्यावरचा नंबर जुळला पाहिजे. तेव्हापासनं दर रविवारी बाई एक रिकामं खोकं घेऊन त्याच्या जुन्या मोबाईलच्या दुकानात हजर. एकेक फोनचा नंबर खोक्याशी ताडून बघायची अन् फोन परत ठेवायची.

शेवटी तो वैतागला. "अक्का, प्रत्येक फोनचं खोकं वेगळं असतंय. ह्या खोक्यातला फोन कुठाय?"

"बोम्मसंद्राच्या सिग्नलला लेकाला ट्रकनं उडवलं, तवा कुणीतरी त्याच्या खिशातनं काढून नेला. त्यात त्याचा आवाज हाय."

मंजुनाथनं आतला सगळा माल काउंटरवर ओतला. "बसा अक्का. तुम्ही आकडे वाचा, मी बघतो."

खोक्याकडं न बघताच बाई आकडे म्हणायला लागली.