हाक मारायला सोपं नाव

निरोप आला तेव्हा सुतार दुकानात एका फळीवर पटाशी चालवत होता. शेजारचा इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला. "दवाखान्यातून फोन होता. लवकर जा," एवढंच तो म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघूनच सुताराला कळलं. त्याने फळीवरचा भुसा फुंकला, तिचं तोंड भिंतीकडे करून ती उभी केली आणि चपला न घालताच निघाला.

बाळंतपणात बायको गेली होती. मुलगाही गेला होता.

सकाळी तिनेच त्याला दवाखान्यातून पिटाळलं होतं. "इथे बसून माझं डोकं खाऊ नका. राहिलंय ते काम पुरं करा जा." तिला सगळं आधी तयार लागायचं. पाहुणा जिन्यावर दिसला की हिचा चहा गाळून तयार.

डॉक्टर एका मित्राकडे जेवायला गेले होते, फोन बंद ठेवून. नर्स फोन लावून लावून थकली. ते आले तेव्हा सगळं संपलं होतं. हात पुसत त्यांनी सुताराला सांगितलं, "बाईंना फार उशिरा आणलंत तुम्ही."

ती सकाळपासून तिथेच होती. बोटात कुसळ शिरून आत मोडावं तसं ते वाक्य सुताराच्या आत राहिलं.

पुढच्या वर्षी तेच डॉक्टर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

"मिस्त्री, मुलगा झालाय. पाळणा करायचाय, सागवानी. उशाशी त्याचं नाव कोरायचं."

"नाव काय?"

"तिथेच तर घोडं अडलंय. आई आणि बायको, घरात दोन पक्ष पडलेत. तुम्ही कामाला लागा."

ते गेले. मेव्हण्याने हातातला रंधा खाली ठेवला. बायकोचा हा धाकटा भाऊ सुताराबरोबरच काम करायचा.

"दाजी, त्याने ओळखलंसुद्धा नाही तुम्हाला."

"नाही ओळखलं."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मीच करणार तो पाळणा. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने त्याच्यापुढे एक बोल्ट ठेवला. मधोमध अर्धा कापलेला, कापावर मेण भरलेलं. नुसत्या नजरेला काही दिसत नव्हतं.

"पाळणा याच्यावर टांगायचा," तो म्हणाला. "कधीतरी जोरात झोका बसेल. मग त्यालाही कळेल उशीर म्हणजे काय ते. माझ्या बहिणीची शपथ आहे तुम्हाला."

सुताराने बोल्ट तळहातावर तोलला आणि खिशात टाकला. "शपथ नको घालूस. त्याला जन्मभर पुरेल असं काहीतरी करायचं, हे माझंही ठरलंय."

पाळणा झाला. सुटे भाग घेऊन दोघे डॉक्टरांच्या घरी गेले. मेव्हणा फाटकाशी टेम्पोजवळ थांबला. सुताराने दिवाणखान्यात जोडणी सुरू केली. मूल आजीच्या मांडीवर झोपलं होतं.

"ह्यांचंच नाव ठेवायचं," आजी म्हणत होती. "नातवाने आजोबांचं नाव चालवायचं नाही तर कुणी?"

"आई, वर्गात मुलं हसतील त्याला," सून म्हणाली.

"तुझ्या यादीतलं ठेवलं तर मास्तरसुद्धा हसतील. एकेका नावाला दोनदा पाणी प्यावं लागतं."

"काहीही ठेवा," डॉक्टर मोबाइलमध्ये बघत म्हणाले. "फक्त हाक मारायला सोपं द्या. दिवसातून पन्नासदा मलाच मारायचीय. मिस्त्री, तुम्हाला काय मुलंबाळं?"

"मुलगा होता एक."

"वा, छान," डॉक्टर म्हणाले. त्यांची मान वर झाली नाही.

सुताराने पोत्यात गुंडाळलेली एक फळी काढली. "अक्षरं कशी दिसतील त्याचा नमुना आणलाय, बाई. आवडतंय का बघा."

सुनेने फळी हातात घेऊन नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आजीनेही ते हळूच म्हणून पाहिलं.

"गोड आहे हो," आजी म्हणाली.

"आणि कुणाचं ऐकलेलंही नाही," सून म्हणाली.

त्या घरात सासूसुनेचं पहिल्यांदाच एकमत झालं. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. "मिस्त्री, हीच फळी लावून टाका. उगाच आणखी मत बदलायला नको."

सुतार खाली बसला. त्याने खिशात हात घातला. बोल्ट त्याच्या बोटांना लागला. समोर आजी नातवाला त्याच्या नव्या नावाने जागं करत होती. सुतार पाना उचलून कामाला लागला.

तो फाटकाबाहेर आला तेव्हा मेव्हणा पुढे झाला. "बसवला?"

सुताराने कापलेला बोल्ट त्याच्या हातावर ठेवला. "नवेच टाकले. हत्ती बसला तरी पडणार नाही. ते पोर जगलं पाहिजे. खूप जगलं पाहिजे."

"म्हणजे माझी बहीण फुकट गेली," मेव्हणा म्हणाला.

दुकानात आल्यावर सुतार पटाश्या पुसायला बसला. मेव्हण्याने बोल्ट भंगारात फेकला, आणि वळता वळता तो थबकला. भिंतीकडे तोंड करून वर्षभर उभी असलेली फळी जागेवर नव्हती. बाळंत व्हायच्या आधीच, मुलगाच होणार म्हणत, त्याच्या बहिणीने हट्टाने नाव कोरायला लावलेली, त्याच्या भाच्याच्या पाळण्याची फळी.

"दाजी," तो म्हणाला. त्याने रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

"घाई नाही," सुतार म्हणाला. "आधी डॉक्टरच्या जिभेवर नाव बसू दे."

ते नाव कुणाचं, एवढं डॉक्टरांना सांगायचं राहिलं होतं.