दोन नाकांची सही

संग्रहालयाच्या बाईंनी अंबराचा खडा टेबलावर ठेवला आणि लगेच नाकाला रुमाल लावला.

"आत दूध करपलंय वाटतं."

नाकवाल्यांची बायको लगबगीनं आत पळाली. पाहुणे आले की असंच होतं, असं म्हणून नाकवाल्यांनी विषय आवरला.

अस्सल-नकली अंबर वासावरून ओळखण्यात त्यांचा हात, म्हणजे नाक, धरणारं कोणी नव्हतं. दाखल्यावर मात्र नवरा-बायको दोघांच्या सह्या. एक नाक चुकलं तर दुसरं सांभाळून घेईल, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

खड्यात एक मुंगी होती. दाखला मिळाला की सोमवारी ती काचेच्या कपाटात बसणार होती.

नाकवाल्यांनी ठरलेलं भाषण केलं. झाडाला जखम होते, राळ ओघळते, मुंगी नसत्या चौकशीला जाते ती अडकतेच. वर मातीचे थर चढतात, कोट्यवधी वर्षं जातात आणि राळेचा खडा होतो. पण तापलेली सुई टोचली की आतलं झाड जागं होतं, राळेचा वास सुटतो. प्लॅस्टिक असेल तर खोलीत बसवत नाही.

मग अंगावरच्या अत्तरानं घोटाळा होतो म्हणून बाईंना बाहेर बसवलं.

गेल्या वर्षी तापानं दोघांनाही आडवं केलं. तेव्हापासून नाकवाल्यांना गुलाब आणि गटार सारखंच. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सुई टोचायची आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिनं नाक मुरडलं की नकली. नशीब एवढं, की वर्षभरात एकही खडा नकली निघाला नव्हता.

बायको दूध उतरवून आली. त्यांनी सुई टोचली. बारीक धूर निघाला. बायकोचा चेहरा शांत. नाकवाल्यांनी सही केली, खाली तिनं केली.

बाई खूश होऊन गेल्या. नाकवाल्यांना मात्र त्या मुंगीपुढे लाज वाटली होती. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "चाळीस वर्षांची अब्रू मी तुझ्या चेहऱ्यावर टाकलीय. तू होतीस म्हणून निभावलं."

बायको बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिली.

"अहो, मला वाटायचं, तापात नाक फक्त माझंच गेलं. मी तुमची सही बघून सही करते."