बिनकाट्याची कोरांटी

"कोरांटीच्या जाती ओळखणारा माणूस महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो मी," प्राध्यापक आजरेकरांनी जाहीर केलं. ऐकायला परसात डॉक्टर मोकाशी आणि एक मांजर होतं. मांजर उठून गेलं.

उरलेल्या श्रोत्याबद्दल आजरेकरांना मांजराइतकाही आदर नव्हता. जास्वंद आणि कण्हेर पाटी वाचून ओळखणारा गृहस्थ! पण परसात सापडलेल्या नव्या जातीला आजरेकरांचं नाव लागायचं, तर वनस्पतींच्या नामकरण समितीतर्फे होकार त्याच्याकडूनच यायचा होता.

"बघा. फुलं पिवळी, पण पानांच्या बेचक्यात काटा औषधालाही नाही. आहे कुठल्या पुस्तकात?"

मोकाशींनी भिंग लावलं. "काटा नाही खरा. पण खुंट उरलेत, सर. कापल्यासारखे."

"कापल्यासारखे! तुम्ही वनस्पतिशास्त्र सोडा आणि केशकर्तनालय काढा."

तेवढ्यात आजरेकरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "कापलेलेच आहेत, भावजी. पूजेची फुलं तोडताना बोटं सोलवटायची, म्हणून मीच काटे कात्रीने काढत असते."

मोकाशींनी भिंग खिशात ठेवलं आणि हसू बशीत लपवलं.

"अहो," त्या नवऱ्याकडे वळल्या, "झाड आता उंच झालंय, माझा हात पोचत नाही. उद्यापासून काटे तुम्ही कापाल का?"