रेषा उमटेपर्यंत

दहा बोटं, प्रत्येक तीनदा. तीस वेळा मशीनवर टेकवूनही लाल दिवाच लागला. एकवीस वर्षं कारखान्यात काजू सोलून शेवंतीच्या बोटांवरच्या रेषा बियांच्या टरफलातल्या तेलाने जळून गेल्या होत्या. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. तो गेला, तसा नंबरही बंद पडला.

“बोटं जुळल्याशिवाय योजनेत ऑपरेशन होत नाही, मावशी,” इस्पितळाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली. “काम बंद ठेवा. रेषा परत येतात.”

“आणि हिका काय सांगू? थांब म्हणान?” शेवंतीने छातीतल्या गाठीवर हात ठेवला. सोनोग्राफीत ती दोन सेंटिमीटरची भरली होती.

ती घरी बसली. रोज सकाळी बोटांना खोबरेल चोळायची, मग तव्याच्या काजळीत अंगठा बुडवून कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेवर ठसा उमटवायची. कारखान्यातल्या बायका जाता-येता चिडवायच्या, “राणीसरकार, आज किती रेषा उगवल्यो गे?” महिनाभर नुसते काळे डाग पडले. मग एक वळण दिसलं. चार दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरं.

नवव्या आठवड्यात खिडकीवर हिरवा दिवा लागला. शेवंतीला हसू आवरेना. “बघ गो, रुजल्यो!” म्हणत तिने अंगठा काचेवर नाचवला. खिडकीतली मुलगीही हसली.

आत डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि कागदावर लिहिलं: गाठ तीन पूर्णांक चार सेंटिमीटर, काखेत नवीन दोन.