अतिनील दिव्याखाली

ललिताबाईंनी प्रयोगाच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, तरी हेमलाचा मामा दारातून हलला नाही.

"मॅडम, दाखल्यावर सही तेवढी करा. पुण्याची गाडी निघून जाईन."

"तास संपू द्या. पोरगी पुण्याले शिकाले चालली म्हणता, तर आमचा युरेनस पाहून जाऊ द्या."

नववीतली हेमला मान खाली घालून टेबलाशी आली. आठवडाभर तिला ताप होता, असं मामानं सांगितलं होतं. टेबलावर कागदाच्या लगद्याचा पांढरा गोळा होता.

"साध्या उजेडात युरेनस असाच गुळगुळीत दिसते," ललिताबाई मुलांना म्हणाल्या. "अतिनील किरणांत पाहिलं की त्याच्या वरच्या हवेतला हायड्रोजन चमकतो. यान तिथली हवा अशीच ओळखते. धर, हेमला."

दिवा लागला. हेमलानं गोळा त्याच्याखाली धरला. कपडे धुवायच्या पावडरीनं ओढलेले पट्टे निळे उजळले. तिच्या नखांच्या कडाही उजळल्या. पिवळ्या-हिरव्या.

"मॅडम, हेमलाच्या हातालेबी हवा हाय," प्रसेनजित म्हणाला.

दोघं-तिघं हसले आणि मधेच थांबले. तेलात कालवलेली हळद या दिव्याखाली कशी चमकते, ते बाईंनी मागच्याच आठवड्यात दाखवलं होतं.

"घासून धुतले व्हते," हेमला पुटपुटली.

"लगन कोणाचं आहे, माय?"

हेमलानं गोळा टेबलावर ठेवला. तिनं दारातल्या मामाकडे पाहिलं.

"काय चाललं अंधारात?" मामा आत आला. दाखला टेबलावर ठेवत म्हणाला, "सही करून राह्यल्या का नाही?"

"तुमीबी पाहा आधी युरेनस. या असे जवळ."

मामा टेबलावर दोन्ही हात टेकून दिव्याखाली वाकला. गोळ्याकडे आता कोणीच पाहत नव्हतं.

"मले तं काही दिसून नाही राह्यलं."

"आमाले दिसून राह्यलं," ललिताबाई म्हणाल्या. सही न करताच त्यांनी दाखला आपल्याकडे ओढून घेतला.

मुलांच्या नजरा कुठं लागल्यात, ते मामानं पाहिलं. त्यानं खाली आपल्या पिवळ्या-हिरव्या उजळलेल्या बोटांकडे बघितलं आणि दोन्ही हात खिशात घातले.