सहा भांडी

आमच्या गल्लीत कुणाची आई आजारी पडली की शेजारणी ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण भांड्यासकट आणून द्यायच्या. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर जिचं तिचं नाव असायचं. घरची बाई पुन्हा स्वयंपाकाला उभी राहिली की भांडी परत करायची, अशी रीत.

आईला दवाखान्यात नेऊन तीन आठवडे झाले होते. मी आठ वर्षांची. त्या दुपारी मी घरात जमलेली शेजारणींची सहाही भांडी घासली, माझ्या खेळण्यातल्या ओढगाडीत घातली आणि निघाले. भांडी परत गेली की आईला बरं व्हावंच लागेल, असं मला वाटत होतं.

पाच घरांत कुणीच नव्हतं. सहावं दार मिसेस हॅल्व्होर्सननी उघडलं.

“हे काय गं? भांडी परत करायला कुणी सांगितलं तुला?”

“आईनं. बरी झाली ती. आज तीच स्वयंपाक करणार आहे.”

“कोण आलंय गं, मार्गी?” आतून कुणीतरी त्यांना विचारलं.

आत बाकीच्या पाचही जणी एका मोठ्या पातेल्याभोवती बटाटे सोलत होत्या. सगळ्या बायका एका स्वयंपाकघरात जमायच्या त्या फक्त कुणी गेल्यावर, दफनानंतर चर्चमध्ये द्यायच्या जेवणासाठी. हे मलाही माहीत होतं.

“आजपासून आईच करणार आहे,” मी पुन्हा, मोठ्यांदा म्हणाले.

एकीनंही मला खोटारडी म्हटलं नाही.